हाताने गोधडी पुन्हा सुरू केली आहे, घरात मुलगा झोपेत चालतो: टाके, फ्रेम आणि रात्रीची आवराआवर

सुईदोरा
बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर हाताने गोधडी शिवायला घेतली आहे. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये सुती बॅटिंग (भरावाचा थर), खाली अस्तर. आकार ६० बाय ८० इंच.

टाका वरून बरा दिसतो, पण अस्तरावर मध्येमध्ये उमटतच नाही. दोरा पिळतो, गाठी बसतात. तुकड्यांच्या जोडावरून जाताना सुई वाकते. शिवाय ९ वर्षांचा मुलगा महिन्यातून एखाद-दोन वेळा झोपेत चालतो, बहुतेक झोपल्यावर दीड-दोन तासांत. काम हॉलमध्ये असतं, आणि तो तिथूनच जातो. उभा फ्रेम (थर ताणून धरणारी, जमिनीवर उभी राहणारी चौकट) घ्यायचा विचार होता. घ्यावा का? रात्री सामानाचं काय करता?

उभाआडवा
आधी टाक्याचं बघू. अस्तरावर टाका न उमटण्याचं कारण बहुतेक वेळा रिंगचा, म्हणजे थर धरून ठेवणाऱ्या गोल कड्याचा, ताण असतो. भरतकामाचा हात असला की कापड डफासारखं ताणलं जातं. इथे सुई वरखाली झुलवायची असते आणि ताणलेल्या कापडात ती झुलत नाही. रिंग कसल्यावर मधोमध तळहाताने दाबून थर सैल करा. खालून बोट लावलं की कापड इंचभर तरी उचललं गेलं पाहिजे. १४ ते १६ इंची रिंग मांडीवर नीट बसते.

सुई 'बिटवीन' प्रकारची घ्या. ती आखूड आणि ताठ असते. क्रमांक जितका मोठा तितकी सुई लहान. ८ किंवा ९ ने सुरू करा, हात बसला की १०. लांब सुई वाकते ती याच कामात.

टाका असा: मधल्या बोटात थिंबल (सुई ढकलायची बोटावरची टोपी). सुई कापडात अगदी सरळ उभी घाला. खालच्या हाताच्या बोटाला टोक जेमतेम जाणवलं की थांबा. आता खालच्या बोटाने कापड वर ढकला, अंगठ्याने सुईच्या पुढचं कापड दाबा आणि थिंबलने सुईचं मागचं टोक आडवं करा. टोक वर दिसलं की सुई पुन्हा उभी. असे ३-४ टाके सुईवर भरून मग ओढा. टोक बोटाला लागायच्या आत सुई आडवी केली की ती बॅटिंगमधूनच परत येते, अस्तर राहून जातं. तुमची पहिली तक्रार हीच दिसते.

टाके मोजायच्या नादी लागू नका. वरून दिसणारे इंचाला ५-६ पुरे, एकसारखे असले म्हणजे झालं. खालचं बोट दुखणारच. रक्ताचा डाग पडला तर लगेच गार पाण्याने काढा. गरम पाण्याने तो पक्का बसतो.

जोडावर माया (शिवणीपलीकडे सोडलेली कापडाची कड) दुमडलेली असते, म्हणून तिथे थर वाढतात. तेवढ्या जागी झुलता टाका सोडा: सुई पूर्ण खाली ओढायची, मग पूर्ण वर, एकेक टाका. किंवा नक्षीची रेघ जोडापासून पाव इंच अंतरावरून, माया ज्या बाजूला वळवलेली नाही त्या बाजूने न्या.

कच्चा_टाका
दोऱ्याबद्दल. तुकडा १८ इंचांपेक्षा मोठा नको. रिळावरून आधी सुटणारं टोक सुईत ओवायचं आणि कापलेल्या टोकाला गाठ मारायची. उलट केलं तर दोरा जास्त खरबडतो. तरीही काही टाक्यांनंतर पीळ चढतोच; सुई लोंबती सोडा, आपोआप उलगडतो. ग्लेझ केलेला (लेप दिलेला), हाताने शिवायचा सुती दोरा असेल तर मेण लागत नाही. तो दोरा मशीनला मात्र लावू नका, त्याचं लेपण आत साचतं.

रिंग वापरणार असाल तर कच्चे टाके दाट हवेत. मधून कडेकडे जात, ३-४ इंचांवर उभ्या-आडव्या ओळी. दोरा पांढरा, गडद दोऱ्याचा रंग कधीकधी कापडाला लागतो. अस्तर चारही बाजूंनी ३-४ इंच जास्त ठेवा. प्रत्यक्ष शिवणंही मधूनच सुरू करा, नाहीतर अस्तराला चुणी पडते आणि ती नंतर निघत नाही.

पाण्याने जाणाऱ्या पेनाच्या रेघांवर इस्त्री फिरवू नका, त्या पक्क्या होऊ शकतात.

गाढझोप
मुलाचं वय आणि वेळ दोन्ही नेहमीच्या चित्रात बसतात. झोपेत चालणं गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्यातून होतं. ती झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जास्त असते, म्हणून दीड-दोन तास. बहुतेक मुलांचं मोठं होता होता थांबतं. अपुरी झोप, ताप, ताण, भरलेलं मूत्राशय, झोपेत अचानक मोठा आवाज यांनी प्रसंग वाढतात. तेव्हा झोपेची वेळ रोज तीच ठेवा आणि झोपण्याआधी लघवीला पाठवा.

डोळे उघडे असतात, पण समोरचं नीट लक्षात येत नाही. तो सुईला वळसा घालून जाईल हे गृहीत धरू नका.

म्हणून उभा फ्रेम नको. त्यावर थर ताणलेले राहतात, तो रोज उचलून ठेवता येत नाही, आणि पाय व कोपरे नेमके वाटेत येतात. मांडीवरची रिंग घ्या, रात्री काढून ठेवा. रिंग तशीच राहिली तर कापडावर वळ पडतात, त्यामुळे तसंही ती काढलेली बरी.

सुया मोजून काढायच्या आणि मोजूनच डब्यात परत. एक कमी आली तर मुलगा झोपायच्या आत शोधायची. जमिनीवरून चुंबक फिरवा, पण पितळी पिना त्याला चिकटत नाहीत, त्यांच्यासाठी टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. कात्री आणि गोल पात्याचा कटर कुलुपात. इस्त्रीचा प्लग काढून वायर गुंडाळलेली. मुलाच्या दारावर उघडताना वाजणारी घंटी लावा, बेताच्या आवाजाची. खिडक्या, बाहेरचं दार बंद, जिन्याला फाटक. दुमजली पलंगावर वरच्या जागी झोपवू नका.

पाव_इंच
आणि झोपेत चालणाऱ्याला जागं करायचं नाही हं, धक्का बसतो म्हणतात.

गाढझोप
जागं केल्याने जिवाला धोका होत नाही. पण माणूस गोंधळतो, घाबरतो, कधी हात झटकतो, म्हणून गरज नसताना हलवून उठवू नये. खांद्याला हलका हात, हळू आवाजात "चल, झोपू", आणि पलंगाकडे वळवा. सकाळी त्याला बहुधा काही आठवत नाही, उलटतपासणी नको.

ठरलेल्या वेळेच्या १५ ते ३० मिनिटं आधी रोज हलकेच जागं करायची पद्धतही आहे. पण ती प्रसंग वारंवार आणि ठराविक वेळी होत असतील तरच कामाची. महिन्यातून एकदोनदा असेल तर विनाकारण झोपमोड.

डॉक्टरांना कधी दाखवायचं: प्रसंग वाढले, इजा झाली, घराबाहेर गेला, दिवसा खूप पेंगतो, अंग आखडतं किंवा झटके येतात, किंवा रोज जोरात घोरतो. घोरण्यामागे झोपेत श्वास अडखळणं असू शकतं. त्यावर उपचार झाले की चालणंही कमी होऊ शकतं. मोठेपणी पहिल्यांदाच सुरू झालं तर वाट न पाहता दाखवावं. झोपेच्या काही गोळ्यांनीही, उदाहरणार्थ झोल्पिडेमने, असं होतं.

सुईदोरा
फ्रेम रद्द. एक शंका: रात्री रेघ अर्धवट राहिली तर सुई कापडातच खोचून ठेवता येते का?

उभाआडवा
नाही. रात्रभर राहिली तर गंजाचा ठिपकाही पडू शकतो. दोरा थोडाच उरला असेल तर संपवून टाका: कापडापासून पाव इंचावर गाठ, सुई बॅटिंगमध्ये घालून इंचभर पुढे काढा, हलका झटका देऊन गाठ आत ओढा आणि दोरा कापडालगत कापा. भरपूर उरला असेल तर सुई काढून घ्या, दोऱ्याचं टोक वर लोंबतं ठेवा आणि उद्या पुन्हा ओवा.