मदत हवी आहे: जुन्या स्टील फ्रेमवर २२ हजारांत रोड बाईक (नागपूर)

सेमिनरीचढ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी स्टीलची रोड फ्रेम आणि तिचाच चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आहे. कुठे चेपलेली नाही, वाकलेली दिसत नाही, पण बाकी एकही पार्ट नाही. तिच्यावर घरीच बाईक जुळवून राहिलो आहे. फ्रेम सोडून बजेट २२ हजार. रोज सकाळी अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आणि रविवारी काटोल रोड किंवा रामटेक, एवढाच वापर.

आधी नवा क्लॅरिसचा (शिमानोची रोड बाईकची स्वस्त मालिका) पूर्ण ग्रुपसेट (गिअर, ब्रेक, क्रँक यांचा संच) घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत चाकं, असा विचार आहे. तीन शंका आहेत. हा क्रम बरोबर आहे का? मागच्या चाकाची जागा टेपने १२६ मिमी भरते, तिथे आजचं चाक बसेल का? आणि एका दुकानात "२८ चा टायर आरामात बसेल" म्हणाले, तो घेऊन टाकू का?

छर्रे_आणि_ग्रीस

टायर घेऊ नका, ग्रुपसेटही घेऊ नका. आधी फ्रेम मोजा. फ्रेमवरून बाईक करताना पैसे वाया जातात ते महाग पार्टमुळे नाही, न बसणाऱ्या पार्टमुळे.

टायरचं आधी सांगतो. साध्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिमीच्या रिमचा असतो. रोड बाईकची ७००सी रिम ६२२ मिमीची. दोन्हीला तोंडी "अठ्ठावीस" म्हणतात, आणि ७००सी टायरची रुंदीही २८ असू शकते, म्हणून गोंधळ होतो. टायरच्या कडेवर २८-६२२ असं छापलेलं असेल तरच घ्या. ६३०चे जुने २७ इंचीही मिळतात, तेही ६२२च्या रिमवर बसत नाहीत.

आता मापं. टेपने चालणार नाही, व्हर्निअर लागेल. गल्लीतल्या लेथवाल्याकडे असतो.

बॉटम ब्रॅकेटच्या (बीबी, क्रँकचा एक्सल फिरतो तो भाग) नळीची रुंदी: ६८ मिमी असेल तर बहुधा इंग्लिश आटे, ७० असेल तर इटालियन. इंग्लिशमध्ये उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, इटालियनमध्ये दोन्ही सुलटे. हे न बघता पाना लावला की आटे गेलेच.

सीटपोस्टचा आतला व्यास: चांगल्या पातळ नळीच्या फ्रेममध्ये बहुतेक २७.२ निघतो, साध्या जाड नळीत २६.४ किंवा त्याहून कमी. इथे ०.२ मिमीचा फरकही चालत नाही. सैल पोस्ट खाली सरकते, मग माणूस बोल्ट आवळत राहतो आणि फ्रेमचे कान वाकतात.

चिमट्याची दांडी: एक इंच आणि वर आटे असतील तर आत जाणारा २२.२ मिमीचा स्टेम (हँडल धरणारा भाग) लागेल. गुळगुळीत २८.६ असेल तर आजचा बाहेरून आवळायचा.

ब्रेकची लांबी: कुणाचं तरी ७००सी चाक लावून ब्रेकच्या भोकापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. ३९ ते ४९ आणि ४७ ते ५७ असे दोन प्रकारचे कॅलिपर (रिम दाबणारे ब्रेक) असतात. फ्रेम मुळात २७ इंची चाकाची असेल तर ६२२च्या चाकाने पट्टी ४ मिमी खाली जाते आणि छोटा कॅलिपर पोचत नाही. भोक मागच्या बाजूने ६ मिमी आहे की ८, तेही बघा. नव्या ब्रेकचा लांब नट आत शिरायला ८ लागतात, नाहीतर बाहेर नट लागणारा जुन्या पद्धतीचा ब्रेक शोधा.

तारकस

१२६चं उत्तर: स्टील असेल तर बसेल. ४ मिमीचा फरक हाताने फाकवूनही चाक आत जातं, पण दर पंक्चरला ती कसरत नको, त्यापेक्षा फ्रेम एकदाच १३०ला उघडून घ्यावी. ॲल्युमिनियमला हे कधीही करू नका, ते तडकतं. चुंबक चिकटतो का बघा, म्हणजे स्टीलची खात्री होईल.

उघडताना दोन्ही बाजू २-२ मिमीच जायला हव्यात, आणि एक बाजू नेहमी आधी हलते. म्हणून दोऱ्याची परीक्षा: मागच्या एका खाचेतून (चाकाचा एक्सल बसतो ती) दोरा काढून पुढच्या हेड ट्यूबवरून (चिमट्याची दांडी जाते ती नळी) वळवून दुसऱ्या खाचेत बांधा, ताणून धरा. सीट ट्यूबपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचं अंतर सारखं आलं पाहिजे. एक मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ज्या बाजूला अंतर कमी तिकडची दांडी बाहेर घ्या. त्यानंतर खाचा समांतर आहेत का आणि डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर (तो अडकतो ती पट्टी) सरळ आहे का हे तपासायचं. हँगर वाकडा राहिला तर गिअर कितीही जुळवले तरी मधल्या दोन-तीन चकत्यांवर करकरत राहतील.

पैशांचा क्रम उलटा करा. २२ पैकी निदान ९ हजार चाकं, टायर, ट्यूब यांना. ३२ किंवा ३६ तारांची, ॲलॉय रिमची, १३० मिमी हबची चाकं घ्या. नव्या स्वस्त चाकाच्या तारांचा ताण असमान असतो, म्हणून लावण्याआधीच आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या आणि हबचे कोन (छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) तपासा. बरेचदा ते कारखान्यातूनच घट्ट येतात, ग्रीस नावापुरतं असतं.

नागपुरात आणखी एक गोष्ट अगदी महत्त्वाची. रिमच्या आत काळी रबरी पट्टी आली असेल तर काढून कापडी रिम टेप लावा. मे महिन्यात सिमेंट रोडवर रिम तापते, रबर मऊ पडतं आणि ८० पीएसआयच्या दाबाने निपलच्या (तारेचं टोक रिमला धरणारा छोटा नट) खड्ड्यात बसत जातं. ट्यूब त्या खड्ड्याच्या धारेवर फुगते आणि फाटते. लोक म्हणतात उन्हाने टायर फुटला. उन्हाने दाब वाढतो तो एवढाच: ट्यूब २७ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली तर ८०चे साधारण ९० होतात. चांगला टायर तेवढ्याने फुटत नाही. पंक्चर रिमच्या बाजूला सापडलं तर बाभळीचा काटा शोधू नका, टेप बघा. ७० किलोच्या माणसाला २८ रुंदीत ७५-८० पुरे.

काटोलरोड

ग्रुपसेटबद्दल माझं मत: पूर्ण सेट नकोच. पुढे एकच ४२ दातांची चकती, मागे ११-३२ चा आठ गिअरचा कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच). पुढचा डिरेलर, त्याची केबल आणि डावा गिअर लिव्हर वाचतो, डावीकडे फक्त ब्रेक लिव्हर लागतो. हिशोब बघा, मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्यांना ४२/११ वर ताशी ४४ किमी, आणि ६० फेऱ्यांना ४२/३२ वर १० किमी. सेमिनरी हिल्सचे चढ छोटे आहेत, निघून जातात. रामटेकला गडावर चढायचं असेल तर उभं राहून मारावं लागेल. चिखलदऱ्याचा बेत असेल तर मात्र पुढे ५०/३४ दातांच्या दोन चकत्याच घ्या, गुडघ्यांवर पैसे वाचवू नका.

उजवा लिव्हर आठ गिअरचा क्लॅरिस घ्या, वापरलेला चालेल. घेताना सगळे क्लिक वर-खाली मोजून बघा. मागचा डिरेलर क्लॅरिसचाच पाहिजे असं नाही. शिमानोच्या आठ गिअरच्या माउंटन डिरेलरची केबलची खेच तीच आहे, आणि हायब्रिड सायकलींमुळे ते सहज मिळतात. पुढच्या डिरेलरला हा नियम लागू नाही.

सेमिनरीचढ

खूप आभार सगळ्यांचे. आज मोजलं. बीबी ६८, आटे इंग्लिश. सीटपोस्ट २७.२. चिमटा एक इंची, आट्यांचा. ब्रेक ५२. चुंबक सगळीकडे चिकटतो. सीट ट्यूबमध्ये टॉर्च मारला तर लालसर गंज दिसतो, पोपडे नाहीत. काटोलरोड भाऊंचा एका चकतीचा सल्ला पटला. आता जोडणी कुठून सुरू करू?

छर्रे_आणि_ग्रीस

मापं उत्तम निघाली. ५२ म्हणजे ४७-५७ चे कॅलिपर. २७.२ वरून नळी चांगली दिसते, ही फ्रेम जपण्यासारखी आहे.

सुरुवात गंजापासून. आत तारेचा ब्रश फिरवून झटका, मग रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणा. कच्चं घाणीचं नको, ते वाळायला फार वेळ घेतं. प्रत्येक नळीत थोडं ओता, फ्रेम सगळीकडे फिरवा, जादाचं निथळू द्या आणि चार-पाच दिवस टांगून ठेवा. तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

मग फ्रेम १३०ला उघडणं, नंतर हेडसेट (चिमटा फिरवणारी बेअरिंग), मग बीबी. बीबीच्या आट्यांत रंग साचलेला असेल तर जुन्या ब्रशने डिझेल लावून साफ करा, कप हाताने निदान तीन-चार फेरे गेला पाहिजे. पहिल्याच फेऱ्याला पाना लागत असेल तर थांबा, आटे तिरके धरलेत. ग्रीस भरपूर, आवळणी ३५ ते ५० न्यूटन-मीटर. स्टेमची आत जाणारी दांडी आणि सीटपोस्ट दोन्हींना ग्रीस लावा, आणि किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये.

केबलवर काटकसर नको. ब्रेकचं आवरण गुंडाळीचं, ५ मिमी. गिअरचं उभ्या तारांचं, ४ मिमी. ब्रेकचं गिअरला लावलंत तर गिअर कधीच नेमके बसणार नाहीत. गिअरचं ब्रेकला लावलंत तर जोरात दाबल्यावर आवरण फाटू शकतं आणि हातात ब्रेक उरत नाही. फ्रेमच्या खालच्या नळीवर जुन्या गिअर लिव्हरचे खुंट असतील तर त्यांवर केबल स्टॉप बसतात. नसतील तर २८.६ मिमीचा पट्टा घ्या.

चेनची लांबी: डिरेलरमधून न ओवता पुढची चकती आणि मागची ३२ची यांवरून गुंडाळा, जिथे जुळेल त्यापुढे दोन कड्या ठेवून तोडा.

काटोलरोड

चौरस टोकाच्या एक्सलची बीबी घेणार असाल तर एक्सलची लांबी क्रँक हातात आल्यावरच ठरवा. सीट ट्यूबच्या मध्यापासून चकतीच्या दातांपर्यंत ४३.५ मिमीच्या जवळपास आलं पाहिजे. चकती फार बाहेर असेल तर ३२च्या चकतीवर असताना चेन उतरते, कारण या डिरेलरला क्लच (चेन ताणून धरणारी सोय) नसतो. ३ मिमी छोटा एक्सल घेतला की चकती दीड मिमी आत येते. दोन चकत्यांच्या क्रँकवर चकती आतल्या बाजूला लावूनही बघा, तेव्हा एका चकतीचे छोटे बोल्ट लागतील.