उजळाईवाडीचा विमानतळ

परवा कुणीतरी म्हणालं, "कोल्हापूरचं विमानतळ आता आंतरराष्ट्रीय झालंय." न्हाई हो, अजून नाही. दुबईला जायचं तर आपल्याला मुंबई, पुणे नाहीतर गोवा गाठावंच लागतं.

मान मात्र जुना आहे. उजळाईवाडीची ही धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ ची. म्हणजे संस्थान असतानाच इथं विमानं उतरत होती. नंतर बरीच वर्षं सेवा कधी सुरू, कधी बंद. २०१८ मध्ये उडान योजनेमुळं, म्हणजे छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या योजनेमुळं, पुन्हा जीव आला. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं; दगडी कमानी बघून वाड्यात शिरल्यासारखं वाटतं.

खरी अडचण धावपट्टीची. १९३० मीटरवर एटीआर, म्हणजे छोटं पंख्याचं विमान, आरामात उतरतं, मोठ्या विमानांना ती तोकडी पडते. बेळगावच्या सांबरा विमानतळाला २३०० मीटर आहे, हे ऐकलं की जरा जळतंच! एटीआरला शेपटीकडच्या दारातनं चढायचं असतं. गेल्या खेपेला आमच्या मामी पुढच्या बाजूला जाऊन उभ्या. तिथलं दार सामानाचं, हे त्यांना कोण सांगणार?