मुंबई–नागपूर : विमान दीड तासाचं, मग दिवस जातो कुठे?

मंडळी, या मार्गावरचे आपापले अनुभव लिहा. हवाई अंतर सुमारे ६८० किमी, रेल्वेने ८३७, समृद्धी महामार्ग ७०१ किमीचा. विमान प्रत्यक्ष हवेत सव्वा तासाच्या आसपास असतं. तरी डोंबिवलीच्या घराला कुलूप लावल्यापासून नागपूरच्या महाल भागातल्या माहेरी पोचेपर्यंत माझे सहा-सात तास सहज जातात. तुम्हाला दारापासून दारापर्यंत किती लागतात?

धरमपेठ, नागपूर
तिकिटावरचा दीड तास म्हणजे नुसतं उड्डाण नव्हे. धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात धरलेलं असतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणून मुंबईला उतरताना बरेचदा आकाशात घिरट्या होतात. हिवाळ्यात वरचा पश्चिमेचा वारा नागपूरला येताना पाठीशी असतो, जाताना समोरून. तेव्हा परतीचा प्रवास थोडा लांबतो. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मात्र उतरल्यावर अर्ध्या तासात घरी!

ठाणे
बाबांना रात्री अचानक दवाखान्यात हलवलं. फोन आला तेव्हा शेवटचं विमान गेलेलं, दुरांतोही सुटलेली. नवरा म्हणाला, गाडी काढू. भिवंडीजवळच्या आमण्याला समृद्धीवर चढलो आणि पहाट बुलढाण्याच्या पुढे कुठेतरी झाली. दुपारच्या आत बाबांच्या उशाशी होते. जून २०२५ मध्ये इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला नसता तर कसारा घाटातच जीव टांगणीला लागला असता. एकच कळकळीची विनंती: टायर तपासल्याशिवाय या रस्त्यावर जाऊ नका, आणि एकट्याने तर रात्री नकोच. सरळ रस्त्यावर डोळा कधी लागतो ते कळत नाही. आम्ही आळीपाळीने चालवली.

वर्धा रोड, नागपूर
भाऊ, आपली दुरांतोच बरी. डबा खायचा, झोपायचं, सकाळी नागपूर. अकरा तास लागतात खरे, पण त्यातले सात झोपेचे. आईचे गुडघे दुखतात. तिला विमानतळावर चालवण्यापेक्षा खालचा बर्थ मिळवून देणं मला सोपं जातं.

अमरावती
आमचं दुखणं वेगळं होतं. विमान पकडायचं तर आधी दीडशे किमी नागपूर गाठा, म्हणजे उलट्या दिशेला जा! एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्याच बेलोरा विमानतळाहून मुंबईचं विमान सुरू झालं आणि फार आनंद झाला. ते एटीआर, पंख्याचं विमान, जेटपेक्षा हळू. पण नागपूरचा फेरा वाचतो, हे आमच्यासाठी मोठं आहे. सुरुवातीला आठवड्यातून तीनच दिवस होतं. ते रोज हवंच, आणि वेळ अशी हवी की मुंबईतलं काम उरकून त्याच दिवशी परतता यावं.

डोंबिवली (धागाकर्ती)
ठाण्याच्या ताई, बाबा आता कसे आहेत? आणि रात्री समृद्धीवर चहा, स्वच्छतागृह कुठे मिळालं तेही लिहा. दिवाळीत आम्ही लहान मुलांना घेऊन निघणार आहोत.