जनुकांच्या ‘नॉइज’ला मराठीत काय म्हणावं? गोंगाट, खरखर की तफावत?

अनुवादी: लघु आरएनएवरच्या (जनुकांना लगाम घालणाऱ्या आखूड आरएनए रेणूंवरच्या) एका लेखाचं मराठी करतोय आणि ‘नॉइज’पाशी तीन दिवस अडलोय. ‘जनुकाच्या अभिव्यक्तीतील गोंगाट’ असं लिहिलं, तर बायको म्हणाली, पेशीत वरात शिरली की काय! अर्थ असा: एकाच वंशाचे, एकाच बशीत वाढलेले दोन जिवाणू घेतले तरी त्यांच्यात एकाच प्रथिनाचे रेणू कमीजास्त भरतात, तेही निव्वळ योगायोगाने. काय लिहू?

रेडिओकाका: खरखर! शॉर्टवेव्हवर स्टेशन लावलेल्या माणसाला अर्थ समजावावा लागणार नाही.

पेशीवाला: काका, शब्द गोड आहे, पण इथे फसवेल. खरखरीच्या पलीकडे गाणं शाबूत असतं. इथे गाणाऱ्याचाच आवाज हलतोय. एलोवित्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ई. कोलाय या जिवाणूमध्ये सारख्याच नियंत्रणाखालची, दोन रंगांच्या चमकत्या प्रथिनांची जनुकं बसवली. दोन्ही सारखी चालली असती तर चित्रात लाल-हिरवा मिसळून सगळे जिवाणू पिवळे दिसायला हवे होते. काही लालसर निघाले, काही हिरवट. एकाच पेशीत, एकाच क्षणी! ही मोजणाऱ्याची चूक नव्हे. मी ‘तफावत’ म्हणेन. एकच पेशी वेळोवेळी बघितली तर ‘चढउतार’.

जुनाकोश: आधी ‘यादृच्छिक’ लावा. गीतेतलं ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आठवा: न मागता, आपसूक जे मिळालं ते. ‘स्वैर’ नको, त्याला वर्तनाचा वास येतो.

अनुवादी: ‘यादृच्छिक तफावत’, ठरलं. पण लेखात पुढे म्हटलंय की लघु आरएनए ही तफावत कमीही करतो आणि वाढवतोही. माझंच वाचन चुकतंय का?

पेशीवाला: नाही, बरोबर आहे. आर-वाय-एच-बी घ्या. ई. कोलायला लोह कमी पडलं की हा सुमारे ९० अक्षरांचा आरएनए तयार होतो, एच-एफ-क्यू प्रथिनाच्या मदतीने ‘सॉडबी’ जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला (जनुकाच्या ज्या प्रतीवरून प्रथिन बनतं तिला) चिकटतो आणि जोडीने दोघेही नष्ट होतात. एकास एक. म्हणजे हा वजाबाकीचा हिशेब झाला.

आता एका दुकानाचा गल्ला बघा. रोज १,००० येतात, ९५० जातात, आणि दोन्ही आकडे आपापले तीसेक रुपयांनी इकडेतिकडे होतात. शिल्लक सरासरी ५०, पण एखाद्या दिवशी १० तर एखाद्या दिवशी ९०. आवकजावक जेमतेम ३ टक्के हलली आणि शिल्लक ८० टक्क्यांहून जास्त! संदेश आणि लघु आरएनए यांची निर्मिती जवळपास बरोबरीची असते तिथे नेमकं हेच होतं.

लघु आरएनए भरपूर असेल तर मात्र शांतता. चुकून तयार झालेला संदेशही त्यावरून प्रथिनांचा घाणा पडायच्या आत संपतो. लेव्हिन, ह्वा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हा बरोबरीचा उंबरठा दाखवला: अलीकडे, म्हणजे संदेश कमी असताना, जनुक जवळजवळ बंद, पलीकडे जादा संदेशांच्या प्रमाणात प्रथिन. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींमध्ये सूक्ष्म आरएनएचंही (मायक्रोआरएनए) काहीसं असंच दिसलं (२०१५): कमी चालणाऱ्या जनुकांची तफावत घटली, जोरात चालणाऱ्यांची वाढली.

रेडिओकाका: ‘उंबरठा’ झकास. पाठ्यपुस्तकातल्या ‘सीमामूल्या’ला आता रजा द्या.

अनुवादी: आणि ‘सायलेन्सिंग’? मी ‘जनुक मुका करणे’ लिहिलंय.

जुनाकोश: एकदा मोठ्याने वाचून बघा. घाईत ‘आरएनए जनुकाचा मुका घेतो’ छापून येईल. शिवाय मुका तो कायमचा. हे जनुक लोह मिळालं की पुन्हा बोलतं ना? मग ‘गप्प करणे’.

अनुवादी: हे वाक्य कसं वाटतं? ‘लघु आरएनए उंबरठ्याच्या अलीकडे जनुक गप्प करतो, उंबरठ्याजवळ मात्र पेशीपेशींमधली यादृच्छिक तफावत वाढते.’

पेशीवाला: चालेल. फक्त ‘गप्प’च्या आधी ‘जवळजवळ’ घाला. एखादा संदेश निसटतोच.

रेडिओकाका: तफावत मान्य. पण मथळ्यात ‘नॉइज’ राहू द्या. पोरं शोधतील ती त्याच शब्दाने.