मदत हवी आहे: 6 वा पिक विकू की ठेवू? (एनएफएल, ऑफिसातला मॉक ड्राफ्ट)

शार्लटकर

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणारे इथे किती जण आहेत कल्पना नाही, पण क्रिकेटच्या धाग्यांवर दोघं-तिघं अधूनमधून डोकावतात, म्हणून विचारतोय. राहायला शार्लटला, त्यामुळे नाइलाजाने इथल्या पँथर्स संघाचा.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची निवड (ड्राफ्ट) दर एप्रिलात होते. 32 संघ, सात फेऱ्या. आदल्या मोसमात जो तळाला, तो सगळ्यात आधी निवडणार. आयपीएलसारखी बोली नाही, पाळी आली की नाव सांगायचं. गंमत अशी की ही पाळीच (म्हणजे पिक) विकता येते. आजची येते, पुढच्या वर्षीचीही येते.

आमच्या दोन ऑफिसांत मिळून 32 जण भरतात आणि प्रत्येकाला एक संघ मिळतो. पहिल्या वर्षीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. आता संघ वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात आणि ज्याचे गुण कमी तो पुढच्या वर्षी आधी निवडतो. निवडलेला खेळाडू प्रत्यक्षात जितके सामने सुरुवातीपासून खेळेल त्याचे गुण. नवख्यांचा खरा पगार आपल्या सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेत) धरतात.

यंदा माझ्याकडे 6 वा पिक आहे. 14 व्या क्रमांकावाल्याने ऑफर दिली आहे: त्याचा 14 वा, अधिक पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला.

मी डॅलस काउबॉयजचा जुना कोच जिमी जॉन्सन याचा तक्ता काढला, त्यात प्रत्येक पिकची किंमत गुणांत दिलेली असते. 6 व्याचे 1600 गुण, 14 व्याचे 1100. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरायचा असं सगळे म्हणतात, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या मध्यावरचा, साधारण 420. बेरीज 1520. तोट्यात जातोय असं दिसतं. पण 2023 मध्ये आमच्या पँथर्सनी काय करून ठेवलं ते डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे तक्त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावासा वाटत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

बेअरडाऊन_मिरजकर

शिकागोकडून पँथर्सचे जाहीर आभार!

विषय निघालाच आहे तर सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. मार्च 2023. आमच्या शिकागोच्या बेअर्सकडे पहिला पिक. पँथर्सना क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) हवा होता, आणि घाई होती. त्यांनी काय दिलं बघा: त्या वर्षीचे 9 वा आणि 61 वा, 2024 चा पहिल्या फेरीतला, 2025 चा दुसऱ्या फेरीतला, आणि वर डी. जे. मूर हा चांगला चालता-बोलता रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा). त्यातून घेतला ब्राइस यंग. लगेच पुढच्या, दुसऱ्या पिकवर टेक्सन्सनी सी. जे. स्ट्राउड घेतला आणि तो त्या मोसमातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला.

पण खरी मेख पुढेच आहे. पँथर्स त्या मोसमात 2-15, म्हणजे 2 जिंकले, 15 हरले. त्यामुळे 2024 चा जो पिक व्यवहाराच्या दिवशी कुठेतरी मधला असेल असं लोक धरून चालले होते, तो निघाला थेट पहिला. आम्ही त्यावर केलेब विल्यम्स घेतला. 2025 वाला 39 वा आला, त्यावर लूथर बर्डन.

तेव्हा राव, ‘पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला’ अशी वस्तूच नसते. कुणाचा, ते आधी विचारा. तुमचा तो 14 वाला खेळात कसा आहे?

आकडेमोड

मिरजकरांचा शिकागोपुरता आनंद समजू शकते, पण एका उदाहरणावरून नियम काढू नका. तक्त्याबद्दल थोडं सांगते.

तो 1991 मध्ये काउबॉयजचे एक भागीदार माइक मॅकॉय यांनी जॉन्सनसाठी बनवला. आधी झालेले व्यवहार घेतले, कोण कशासाठी किती मोजतो ते पाहिलं, आणि त्यातून आकडे बसवले. म्हणजे त्यात बाजारभाव आहे. खेळाडू मैदानात काय करेल हे त्यात कुठेच नाही. तुम्ही तो समोरच्याशी बोलायला वापरा, स्वतःचं ठरवायला नको.

स्वतःचं ठरवायचं तर केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेलवाले) यांचा 2013 मध्ये छापून आलेला अभ्यास बघा. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, एकाच जागेवरचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त. दोन, पगार वजा करून हाती काय उरतं ते मोजलं तर सगळ्यात वरचे पिक नाही, तर दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीचे पिक फायद्यात. तीन, पुढच्या वर्षीचा पिक लोक इतक्या स्वस्तात देऊन टाकतात की वर्षाचं व्याज 100 टक्क्यांच्या वर जातं! सावकारसुद्धा लाजेल.

मात्र एक पथ्य. तो अभ्यास जुन्या पगारांवर आहे. 2010 मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, 7 कोटी 80 लाख डॉलरचा. 2011 पासून नवख्यांच्या पगाराला चाप लागला आणि त्या वर्षी पहिला आलेला तुमचाच कॅम न्यूटन चार वर्षांना 2 कोटी 20 लाखांत आला. त्यामुळे वरचे पिक पूर्वीइतके अंगावर येत नाहीत. तरी 6 वरून 14 वर उतरायला मला हरकत दिसत नाही.

दोन प्रश्न: तुमच्या खेळात क्वार्टरबॅकला जास्त गुण आहेत का? आणि तुमच्याकडे सध्या कोणी आहे का?

भोचक

विकू नका. 2017 मध्ये बफेलोने 10 वा पिक कॅन्सस सिटीला विकला, मिळाले 27 वा, 91 वा आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला. तक्त्यावर एकदम झकास. त्या 10 व्यावर पॅट्रिक महोम्स गेला, पुढे विजेतेपदं आणणारा क्वार्टरबॅक. आता बोला.

बेअरडाऊन_मिरजकर

भोचकराव, पुढचंही सांगा की. त्याच बफेलोने पुढच्या वर्षी स्वतः वर चढून 7 व्यावर क्वार्टरबॅक जॉश ॲलन घेतला. रडत बसले नाहीत ते. (महोम्सच्या वेळी आम्ही काय केलं ते कृपया काढू नये. तिसऱ्याचा दुसरा करायला पिक मोजले आणि महोम्सला सोडून ट्रुबिस्की घेतला.)

शार्लटकर

@आकडेमोड, क्वार्टरबॅकला तिप्पट गुण. माझ्याकडे तरुण आणि बरा क्वार्टरबॅक आहे, अजून दोन वर्षं स्वस्त करारावर. समोरच्याकडे नाही, म्हणूनच त्याला वर यायचंय. बाकी त्याचा संघ म्हाताऱ्यांचा. डिफेन्समधले तिघं तिशी ओलांडलेले.

मोटारनगरी

मग प्रश्नच मिटला असं मला वाटतं, पण डेट्रॉइटचा अनुभव ऐका.

2021 च्या सुरुवातीला आमच्या लायन्सनी क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजलिसच्या रॅम्सना दिला. बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, 2021 चा तिसऱ्या फेरीतला, आणि 2022 व 2023 चे पहिल्या फेरीतले. एकाच संघाचे दोन पिक, एकाच व्यवहारातले. पहिल्या मोसमात रॅम्स सुपर बोल (लीगची अंतिम लढत) जिंकले, म्हणून 2022 चा आला 32 वा. पुढच्या मोसमात दुखापतींनी त्यांचं कंबरडं मोडलं, 5-12, आणि 2023 चा आला 6 वा. तक्त्यात 32 व्याला 590 आणि 6 व्याला 1600. व्यवहार करताना हा फरक कुणाला सांगता आला असता?

त्यावर आमचे तेव्हाचे जनरल मॅनेजर ब्रॅड होम्स यांनी काय केलं तेही तुमच्या कामाचं आहे. 6 वा हातात ठेवला नाही. तो आणि 81 वा ॲरिझोनाला देऊन 12 वा, 34 वा आणि 168 वा घेतला. 12 व्यावर जमीर गिब्ज, 34 व्यावर सॅम लापोर्टा. म्हणजे तुम्ही आज ज्या जागी उभे आहात, जवळजवळ तोच उतार.

रॅम्स फसले असं मात्र म्हणणार नाही. त्यांनी 2017 ते 2023 पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नाही आणि तरी विजेतेपद आणलं, कारण खालच्या फेऱ्यांत त्यांची नजर पक्की. कुपर कप 69 वा, पुका नाकुआ 177 वा. वरचे पिक उधळायचे तर खाली असं वेचता आलं पाहिजे. ते ऑफिसच्या खेळात जमेल का, तुम्हीच ठरवा.

आकडेमोड

तिप्पट गुण आणि घरात क्वार्टरबॅक तयार, म्हणजे 6 व्या पिकची किंमत तुमच्यापेक्षा त्याला जास्त आहे. मग तक्त्याचे 1600 ही वसुलीची सुरुवात समजा. त्याचा यंदाच्या चौथ्या फेरीतला पिक 110 वा असणार, त्याचे 74. तो मागा, बेरीज 1594 होते. हे सहज पटण्यासारखं आहे.

आणि आजच हो म्हणू नका. ड्राफ्टच्या दिवशी तुमच्या पाळीपर्यंत त्याला हवा असलेला क्वार्टरबॅक शिल्लक आहे की नाही ते कळेल. असला तर भाव चढतो.

मोटारनगरी

आणि नसला तर गिऱ्हाईकच पळतं. दोन्ही बाजू आहेत ताई.

आधी व्यवहार केला की त्याची जोखीम घेणाऱ्यावर. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी महिनाभर आधी 12 वा, पुढच्या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतले आणि एक तिसऱ्या फेरीतला देऊन 3 रा घेतला. त्यावर क्वार्टरबॅक ट्रे लान्स. दोन वर्षांनी तो चौथ्या फेरीच्या पिकला काउबॉयजकडे गेला. त्यांचा तो 12 वा पिक मायामी, फिलाडेल्फिया असा फिरत काउबॉयजकडेच आधी पोचला होता, आणि त्यावर निघाला डिफेन्समधला स्टार मायका पार्सन्स. पुढे 2025 च्या ऑगस्टमध्ये पार्सन्सलाही त्यांनी ग्रीन बेला विकलं, दोन पहिल्या फेरीतले पिक आणि केनी क्लार्क हा खेळाडू घेऊन. तर सांगायचं काय, विकणाऱ्याने आधी विकलं तर त्याचं काही बिघडत नाही.

भोचक

फोर्टीनाइनर्सना शेवटी क्वार्टरबॅक मिळाला तो 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा. ब्रॉक पर्डी. तेव्हा सगळे तक्ते चुलीत घाला.

शार्लटकर

सगळ्यांचे आभार. काल मागणी कळवली: 14 वा, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला, आणि यंदाचा 110 वा. उत्तर आलं. तो म्हणतो 110 वा देतो, पण पुढच्या वर्षीचा नको, त्याऐवजी यंदाचा 46 वा घे. 1100, 440 आणि 74, बेरीज 1614. तक्त्याप्रमाणे आता मीच 14 गुणांनी वर.

बेअरडाऊन_मिरजकर

पुढच्या वर्षीचाच का नको म्हणतोय हो? म्हातारा डिफेन्स, नवखा क्वार्टरबॅक... स्वतःच्या संघाचं काय होणार हे त्याला तुमच्यापेक्षा नीट माहीत आहे. अडून बसा. तोच घ्या.

आकडेमोड

इथे मी मिरजकरांच्या बाजूने नाही. 46 वा यंदाच खेळेल, पगार कमी, आणि तो त्याच फायद्याच्या पट्ट्याजवळ बसतो. पुढच्या वर्षीच्या पिकमधून गुण मिळायला आणखी एक मोसम जाणार. तुमचा क्वार्टरबॅक दोनच वर्षं स्वस्त आहे ना? मग संघ आत्ता उभा करा.

शार्लटकर

तेच दोन्ही मनात आहे. त्याला मधला रस्ता सुचवलाय: 46 वा आणि 110 वा तुझ्याकडेच ठेव, 14 वा दे, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला दे, आणि यंदाच्या तिसऱ्या फेरीतला 78 वा दे. तिसऱ्या फेरीवरून तो कुरकुरतोय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे, काय होतं ते इथेच टाकतो. तोपर्यंत 78 व्याच्या आसपास बरा कॉर्नरबॅक (समोरच्या रिसीव्हरला अडवणारा) कोण मिळेल, कुणाचा अंदाज असेल तर सांगा.