मदत हवी आहे: निलगिरी मेंढीची लोकर टकळीवर कशी कातायची?

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीकडची, लग्नानंतर निलगिरी डोंगरात कोटागिरीजवळ राहते. शेजारच्या आजोबांचे गुडघे गेले, मुलगा कोइमतूरला नोकरीला. कळप खाटकाकडे निघाला तेव्हा अकरा मेंढ्या आणि एक मेंढा आम्ही ठेवून घेतला.

ही जात 19व्या शतकात इथेच तयार झाली, कोइमतूरकडच्या मेंढ्यांचा मेरिनो, चेव्हियट, साउथडाउनशी संकर होऊन. मऊ लोकर देणारी दक्षिणेतली जात म्हणजे हीच. पण डोंगरावरच्या गवतात निलगिरीची आणि वॅटलची झाडं लावली गेली, चराई आटली, आणि आता कळप मोजकेच उरलेत. उटीजवळ सँडीनल्लाला सरकारी संशोधन केंद्र ही जात सांभाळतं. आमच्या भागात मात्र मेंढी पाळायची ती लेंडीखतासाठी नाहीतर मटणासाठी. लोकरीला गिऱ्हाईकच नाही.

तीन पोती लोकर माळ्यावर पडून आहे. पहिल्या खेपेला कढत पाण्यात साबण घालून खसाखसा चोळली, तर वाळल्यावर तिचा नमदा झाला, म्हणजे सगळी एकात एक गुंतून घट्ट बसली, कात्रीही चालेना. दुसऱ्यांदा कोमट पाण्यात रिठे घालून नुसती भिजत ठेवली. तुपकटपणा गेला आणि अशी फुलली की हातातून ठेवाविशी वाटेना.

अडलंय ते कातताना. आजीची टकळी आहे माझ्याकडे. धागा वीतभर निघतो आणि तुटतो, पीळ वाढवला की गाठी पडतात. लहानपणी मेंढरांमागे चालता चालता सूत काढणाऱ्या धनगर बायका पाहिल्यात, पण दख्खनी लोकर जाड, केसाळ. हिचा तंतू साधारण 27 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे बराच बारीक. आपल्याकडे हिच्या जवळ जाणारं म्हणजे कोकराचं जावळ. म्हणून जावळ कातलेल्या कुणाचा तरी सल्ला हवाय.

धनुकलीने पिंजावी की कंगव्याने विंचरावी? पेळू करताना तेलाचा हात लावतात का? घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, ती एवढ्या मऊ सुताला सोसेल का?

ओळखीत सनगर (घोंगडी विणणारे) किंवा धनगर घरातली जुनी माणसं असतील तर कृपया विचारून सांगा. घाई एवढ्यासाठी की शेजारची आणखी दोन घरं कळप विकायच्या बेतात आहेत. "लोकरीचं काहीतरी करून दाखव, मग थांबतो," असं त्यांनी मला सांगितलंय.