हळदीच्या रेघेने मुंग्या खरोखर जातात का?

तळमजला_इंदिरानगर

गेल्या आठवड्यात सुगंधी_अंगण यांनी येथे ‘मुंग्यांना मारू नका, हाकला’ या मथळ्याखाली सात उपायांची यादी दिली : हळद, कुंकू, दालचिनी, लवंग, काकडीची साल, मिरपूड आणि कापूर. यादी देऊन त्या थांबल्या असत्या तर मी गप्प बसलो असतो. परंतु ‘बोरिक पावडर वापरणारे स्वतःच्याच स्वयंपाकघरात विष कालवतात’ हे त्यांचे शेवटचे वाक्य वाचल्यापासून मला चहा गोड लागेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी तळमजल्यावर राहतो. पहिला मोठा पाऊस झाला की बाहेरची बिळे पाण्याने भरतात आणि मुंग्या आपली अंडी-अळ्या तोंडात धरून कोरड्या जागेच्या शोधात आमच्या घरात शिरतात. यंदा यादीतला पहिलाच उपाय मी प्रामाणिकपणे करून पाहिला. मिक्सरच्या मागे, भिंतीलगत, बोटभर रुंद हळदीची रेघ ओढली. रांगेतली पहिली मुंगी रेघेपाशी थबकली, मिशा हलवून मागे फिरली, मागच्या दोघी-तिघी तिच्यावर धडकल्या आणि रांग विस्कटली. सौभाग्यवतींनी तेवढ्यात मला शाबासकीही देऊन टाकली. पण चहा उकळून गाळेपर्यंत त्याच मुंग्यांनी स्विचबोर्डाखालच्या फटीतून नवी वाट काढून गुळाचा डबा गाठला होता. रेघ होती तिथेच राहिली. संध्याकाळी कुकरची वाफ लागून ती भिजली आणि पांढऱ्या फरशांच्या सांध्यांत जो पिवळा डाग बसला, तो अजून निघालेला नाही.

मुंगी मुख्यतः आधीच्या मुंगीने सोडलेल्या गंधाच्या मागाने चालते. हळद तो माग एका जागी झाकते, एवढेच. माग पुसायचाच असेल तर भांड्यांच्या साबणाचे पाणी आणि फडके पुरते. बिळातल्या राणीपर्यंत पोहोचायचे असेल तर 250 मिलिलिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम साखर आणि 2.5 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापसाचा बोळा बाटलीच्या झाकणात घालून रांगेशेजारी ठेवावा. पावडर एक टक्क्याच्या आसपासच हवी, कारण ती जास्त झाली तर मुंगी वाटेतच मरते. मुंग्या पोटात साठवलेले अन्न एकमेकींना तोंडाने भरवतात आणि सारा डाव त्या भरवण्यावर आहे. आमच्याकडे पहिले दोन दिवस रांग दुप्पट झाली आणि मला घरातून टोमणे ऐकावे लागले, पण दहाव्या दिवशी ओट्यावर एकही मुंगी नव्हती. आणि हे ‘विष’ म्हणजे तरी काय, तर लहानपणी आपण सर्वांनी कॅरमच्या पटावर भुरभुरवलेली पावडर.

सुगंधी_अंगण

माझे नाव घेतलेच आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. आमची नात दीड वर्षाची असताना आम्ही एका नातेवाइकांकडे मुक्कामाला गेलो होतो. त्यांनीही अशीच झाकणे फ्रिजखाली ठेवली होती आणि ते आम्हाला सांगण्याचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. रांगत्या मुलाला फ्रिजखालचेच सर्व काही आधी सापडते. ओला कापूस तिच्या मुठीत होता आणि मूठ तोंडाजवळ. पोटात किती गेले हे कोणालाच सांगता येईना. ती रात्र आम्ही रुग्णालयाच्या बाकावर काढली. सुदैवाने काही झाले नाही. आपल्या डावात मुंग्यांची राणी मरत असेल, पण आमच्या घरची राणी त्या दिवशी थोडक्यात वाचली.

दुसरे असे की धाग्याचा विषय नैसर्गिक उपाय असा आहे. बोरिक ॲसिड, म्हणजे आपली ही बोरिक पावडर, त्यात कसे बसते?

तळमजला_इंदिरानगर

बोरिक पावडरीतला बोरॉन खनिजांतून मिळतो आणि खनिजे निसर्गातच असतात. दालचिनीची पूडही गिरणीतूनच येते.

सुगंधी_अंगण

सोमलही निसर्गातच सापडतो. तो आपण चहात घालता का?

पंचवटीचा_वाडा

आपण दोघेही ज्या गोष्टीसाठी भांडत आहात ती आमच्या आजीने भांडण न करता सोडवली होती. वाड्यात दुधाचे जाळीचे कपाट होते. त्याचे चारही पाय चार दगडी वाट्यांत आणि वाट्यांत पाणी. मुंगी वाटीच्या काठापर्यंत येई आणि परत जाई. एकच पथ्य होते : कपाट भिंतीला टेकता कामा नये. आजी रोज सकाळी पूजेआधी वाट्यांवर फुंकर घालून साय बाजूला करावी तशी धूळ काढीत असे, कारण पाण्यावर धुळीचा पापुद्रा जमला की मुंग्या त्यावरून चालत पलीकडे जातात, हे तिला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक होते.

कोरडा_दिवस

मी घरोघरी डासांच्या अळ्या तपासण्याचे काम करते आणि या वाट्या हे माझे जुने दुखणे आहे. लोक पिंप रिकामे करतात, कूलर पुसतात, परंतु देवघराच्या चौरंगाखालच्या वाट्या कोणालाही आठवत नाहीत. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठ ते दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून देऊनही भागत नाही, कारण अंडी वाटीच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात. ती घासावी लागतात. मुंग्यांपासून दूध वाचवून घरात ताप आणणारी कुटुंबे मी दर पावसाळ्यात पाहते.

पंचवटीचा_वाडा

ताई, आमच्या आजीच्या काळात कोणाला डेंग्यू झालेला आठवत नाही. तथापि आपण म्हणता तर दर रविवारी वाट्या घासून, पाण्यात साबणाचा थेंब टाकून भरीन. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि मुंगी तरंगत नाही, एवढे तरी नव्या काळाचे ज्ञान मला आहे.

सिडकोचा_सचिव

मूळ कारणावर कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दर शनिवारी पिठात साखर कालवून वाहनतळाच्या कोपऱ्यात मुंग्यांना घालतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत त्या कोपऱ्यातले पेव्हर ब्लॉक खचले आहेत, कारण मुंग्या ठोकळ्यांखालची रेती कण कण करून वर आणून टाकतात. ठोकळे पुन्हा बसवण्याचा खर्च सर्वांनी भरायचा आणि पुण्य मात्र एकाच सदनिकेच्या खात्यावर जमा. सभेत विषय काढला तर मलाच नास्तिक ठरवण्यात आले.

गच्चीवरची_जास्वंद

स्वयंपाकघर बाजूला ठेवा, कुंड्यांचे सांगा. माझ्या जास्वंदीवर मुंग्यांची रांग लागली आहे, कळ्या गळत आहेत आणि पाने चिकट झाली आहेत. मुंग्याच कळ्या खातात असे दिसते. इंदिरानगरकर काका, तुमचे ते पाणी कुंडीत ओतले तर चालेल का?

तळमजला_इंदिरानगर

कुंडीत ओतू नका. हे मला सांगावयाचे नव्हते, परंतु विचारलेच आहे म्हणून सांगतो. मागच्या वर्षी मी उरलेले मिश्रण तुळशीच्या कुंडीत ओतले होते. झाडाला बोरॉन अगदी किंचित लागतो आणि जास्त झाला की पानांच्या कडा करपतात. आठवड्याभरात तुळस कडांनी तपकिरी झाली. आईने महिनाभर मला वृंदावनाजवळ येऊ दिले नाही.

सुगंधी_अंगण

हे मूळ लेखात लिहावयाचे राहून गेले वाटते.

मखमलाबाद_मळा

जास्वंद ताई, मुंग्या कळ्या खात नाहीत. पानाच्या बेचक्यात आणि कळीच्या देठाशी कापसासारखे पांढरे ठिपके आहेत का, ते पाहा. तो पिठ्या ढेकूण. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकटा बाहेर टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, जसे गवळी म्हशी सांभाळतो. त्याला खाणारे किडे आले तर हुसकावतात आणि त्याची पिल्ले एका फांदीवरून दुसरीवर नेऊन सोडतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते. आमची तीन एकर द्राक्षे आहेत. एका हंगामात मणी भरल्यावर घडांच्या आत ही पांढरी घाण सापडली आणि व्यापाऱ्याने बागेत उभे राहून भाव निम्म्यावर आणला. त्या दिवसापासून खोडावर मुंग्यांची रांग दिसली की मला घडच दिसतात. आधी मुंगी थांबवा, पिठ्या ढेकूण आपोआप आटोक्यात येतो.

गच्चीवरची_जास्वंद

पांढरे ठिपके आहेत. पण मग दोष ढेकणाचा झाला. चिकटा संपला की मुंग्यांना तेथे येण्याचे कारणच उरत नाही, म्हणजे आधी ढेकूण घालवला पाहिजे. तुम्ही गवळ्याला पकडता आणि म्हैस मोकळी सोडता.

मखमलाबाद_मळा

दहा कुंड्यांत ढेकूण बोटाने चिरडता येतो. तीन एकरांत तो खोडाच्या सुटलेल्या सालीखाली, ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, भेगांत आणि मुळांशी बसलेला असतो. तेथे फवारा पोहोचत नाही. निर्यातीचा माल असेल तर काढणीच्या तोंडावर औषध मारता येत नाही, कारण उर्वरित अंश सापडला तर सगळा माल अडकतो. म्हणून सुटलेली साल काढून जाळायची, खोडाला आणि मांडवाच्या खांबांनाही चिकट पट्टी बांधायची, म्हणजे मुंगीची वाट बंद. खांब विसरलात तर ती तारेवरून येते. त्यानंतर ढेकूण खाणारे क्रिप्टोलेमस नावाचे भुंगेरे सोडायचे. पहिल्या वर्षी मी पट्टी न बांधताच भुंगेरे सोडले आणि मुंग्यांनी ते टिकू दिले नाहीत. पैसे मातीत गेले. गच्चीवर बसून क्रम शिकवू नये.

गच्चीवरची_जास्वंद

गच्चीवर बसून नाही, बारा वर्षे बाग करून लिहिते आहे. मीही गप्प बसले नव्हते. मागच्या महिन्यात त्याच जास्वंदीवर मोठे, भरभर पळणारे, लांब पांढऱ्या झालरीचे ढेकूण झाले होते. सगळे एकेक करून जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढले. तरी त्यानंतर लहान ढेकूण दुप्पट वाढले.

मखमलाबाद_मळा

भरभर पळणारे?

गच्चीवरची_जास्वंद

हो. लहानांच्या दुप्पट-तिप्पट आकाराचे.

मखमलाबाद_मळा

ताई, पिठ्या ढेकूण भरभर पळत नाही. ज्या भुंगेऱ्यांसाठी मी पैसे मोजतो, त्यांच्या अळ्या दिसायला थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारख्याच असतात, मेणाच्या पांढऱ्या झालरीसकट. त्या तुमच्याकडे फुकट आल्या होत्या आणि ढेकूणच खात होत्या. त्या तुम्ही टूथब्रशने मारल्या.

गच्चीवरची_जास्वंद

जुना फोटो मोठा करून पाहिला. तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता आहे. हे जरा सौम्य शब्दांत सांगता आले असते.

देवगडहून_नाशकात

येथे मुंगीला सरसकट गुन्हेगार ठरवले जात आहे, म्हणून कोकणाची बाजू मांडतो. पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्यांना आमच्याकडे ओंबील म्हणतात. आंब्यावर ओंबील असली की इतर किडी फिरकत नाहीत. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी या जातीच्या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद इसवी सन 304 च्या सुमाराच्या एका ग्रंथात आहे. सतराशे वर्षांपूर्वी लोक मुंग्या विकत आणून झाडावर सोडत होते आणि आपण त्यांना घालवण्यासाठी भांडत आहोत.

मखमलाबाद_मळा

ओंबीलही पिठ्या ढेकूण पाळते. आणि द्राक्ष तोडणाऱ्या बायांच्या अंगावर ओंबील पडली तर उद्या मजूर मिळणार नाहीत. ते चिनी ग्रंथकार येणार आहेत का तोडणीला? आंब्यावर तिचा उपयोग होत असेल, एवढे मान्य करतो. माझ्या मळ्यात नको.

कॅरमवेडा_नाशिकरोड

आमच्या घरात दाराची चौकट पांढऱ्या मुंग्यांनी पोखरली आहे. त्यांनाही साखरेचे पाणी चालेल का?

तळमजला_इंदिरानगर

ती वाळवी. ती मुंगी नव्हेच, झुरळाच्या कुळातली आहे आणि लाकूड खाते. साखरेकडे ढुंकूनही पाहणार नाही. वेगळा धागा काढा.

कॅरमवेडा_नाशिकरोड

ठीक आहे. मात्र जाता जाता आपलीही एक चूक सांगतो. हल्ली कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक नसते, काही स्टार्चच्या असतात. आपला लेख वाचून ती साखरेत घालणारे लोक मुंग्यांना नुसती मेजवानी देतील. औषधांच्या दुकानातून डब्यावरचे नाव वाचून घ्या, असे लिहावयास हवे होते.

तळमजला_इंदिरानगर

हे बरोबर आहे आणि मी ते लिहावयास हवे होते. सुगंधी_अंगण यांच्यासाठीही एक बदल सुचवतो. उघड्या झाकणाऐवजी फिरकीच्या झाकणाची डबी घ्यावी, तिला मुंगी जाईल एवढीच दोन भोके तापवलेल्या सुईने पाडावीत, कापूस आत घालून झाकण घट्ट लावावे, वर ‘विष’ असे लिहावे आणि डबी ओट्याखालच्या कडीच्या कपाटात ठेवावी. तरीही रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरी मी हे करा असे म्हणणार नाही. तेथे साबणाचे पाणी, फटींत पांढरे सिमेंट आणि रात्री कोरडा ओटा एवढ्यावरच भागवावे.

सुगंधी_अंगण

म्हणजे नात असलेल्या घरासाठी आपण माझ्याच बाजूला आलात, फक्त हळद वगळून. मीही काल रात्री प्रामाणिकपणे एक प्रयोग केला. नेहमी मी ओटा आधी साबणाने पुसते आणि मग रेघ ओढते. काल न पुसता ओढली. आज सकाळी मुंग्या रेघेला वळसा घालून तुपाच्या बरणीवर होत्या. यादीत ‘आधी ओटा पुसावा’ असे पहिल्या क्रमांकावर घालते. हळद काढणार नाही. ती आठव्या क्रमांकावर जाईल आणि विषाचे वाक्य मी मागे घेणार नाही, फक्त ‘लहान मुले असलेल्या घरांत’ एवढे त्यात जोडीन.

गच्चीवरची_जास्वंद

जास्वंदीच्या खोडाला आज कागदी पट्टी गुंडाळून त्यावर एरंडेल आणि व्हॅसलिन चोपडले आहे. मखमलाबादकर भाऊ, टूथब्रश टाकून दिला आहे. भुंगेरे पुन्हा येतील का?

मखमलाबाद_मळा

मुंगी अडली आणि फवारा मारला नाहीत तर येण्याची शक्यता आहे. कुंडी भिंतीला टेकलेली असेल तर आधी ती सरकवा. पंचवटीच्या आजी बरोबर होत्या.

सिडकोचा_सचिव

माझ्या पेव्हर ब्लॉकचे कोणीच काही बोलले नाही. आज शनिवार आहे आणि काकू वाटी घेऊन जिना उतरताना मला खिडकीतून दिसत आहेत.